कैद्याचं मूल : दप्तरातलं आणि दप्तराबाहेरचं

वाशीमचा इतिहास म्हटलं की गाडी वत्सगुल्म, वाकाटक आणि पद्मतीर्थावर येऊन थांबते. ती वाट चांगली आहे, पण आज आपण तिकडे जाणार नाही. आजचा विषय आहे ज्याचा बाप किंवा आई तुरुंगात आहे, ते मूल. असं मूल प्रत्येक तालुक्यात असतं. त्याला विचारलं, "बाप कुठी गेला रे?" तर ते म्हणतं, "कामाले." पुढं आपण विचारत नाही.

या मुलाचा इतिहास लिहायचा तर कागद कुठून आणायचे? सरकारी दप्तरात तो अगदी मोजक्या ठिकाणी सापडतो. कुठे सापडतो आणि कुठे सापडत नाही, एवढंच आज पाहू.

पहिला कागद 1871 चा, गुन्हेगार जमाती कायदा. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 नंतर तो मुंबई आणि मद्रास इलाख्यापर्यंत आला. त्या वेळी वाशीम हा जिल्हाही नव्हता बरं का! 1905 मध्ये आपला जुना 'बासीम' जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळला जोडले होते. पुन्हा जिल्हा झाला तो थेट 1 जुलै 1998 ला. असो.

या कायद्यात माणसानं काय केलं हा प्रश्नच नव्हता, तो कुणाच्या पोटी जन्मला हा प्रश्न होता. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती. आत राहायचं, हजेरी द्यायची, गिरणीत कामाला जायचं. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा कारभार स्टार्ट नावाचे आयसीएस अधिकारी पाहत. आणि 1924 च्या कायद्यात एक कलम होतं, ते नीट ऐका. 6 ते 18 वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. बापावर गुन्हा शाबित झाला पाहिजे अशी अट नाही. म्हणजे इथे मूल दप्तरात आहे, व्यवस्थित नोंदलेलं आहे, पण उद्याचा चोर म्हणून.

31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला. आपल्या मानोरा, मंगरूळपीर, कारंजा भागातले तांडे आणि बेडे आठवा. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींच्या यादीत आले, फासेपारधी अनुसूचित जमातींच्या. यादी बदलली. गावात चोरी झाली की आधी बेड्यावर जायचं, ही पोलिसी सवय मात्र कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

दुसरा कागद अगदी वेगळा आहे. 10 जुलै 1930 ला लोकनायक बापूजी अणे यांनी शेजारच्या पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. त्या चळवळीत वऱ्हाडातली कितीतरी घरं कर्त्या माणसाशिवाय राहिली. चूल तिथंही विझली असेल, पोरं तिथंही रडली असतील. पण गावानं त्या घराकडे पाहून मान खाली घातली नाही. पुढे 1972 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतन सुरू झालं. त्याची एक मुख्य अट होती किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास! सैनिकामागे ते पत्नीला मिळे, अविवाहित मुलीलाही.

मी इथं चोर आणि सत्याग्रही यांना एका रांगेत बसवत नाही, गैरसमज नको. मी पोरांना एका रांगेत बसवतोय. सहा वर्षांच्या पोराला बापावर कुठलं कलम लागलंय ते कळत नाही. घरात बाप नाही आणि दाणे कमी पडतात, एवढंच कळतं.

तिसरा कागद 13 एप्रिल 2006 चा. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांबद्दल निर्देश दिले. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं. त्याच्यासाठी पाळणाघर हवं, बालवाडी हवी, वेगळा आहार हवा. आणि एक बारीकशी गोष्ट, मला फार मोलाची वाटते ती. तुरुंगवासात मूल जन्मलं, तर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचं नाव लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. 1924 च्या त्या कलमापासून इथवर यायला 82 वर्षं लागली.

पण हे मूल भिंतीच्या आतलं. 2022 अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत आईसोबत तुरुंगात असलेली मुलं होती 1,764. त्याच दिवशी देशभरात कैदी होते 5,73,220. त्यांची बाहेर राहिलेली मुलं किती? हा रकानाच नाही. सरकार जे मूल स्वतःच्या ताब्यात ठेवतं, तेच मोजतं. बाहेरचं मूल आजीकडे असतं, नाहीतर आईबरोबर ऊसतोडीला जातं, नाहीतर शाळेच्या पटावर नुसतं नावापुरतं असतं.

त्याच्यासाठी काहीच नाही असंही नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे आणि 2023 पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात. कैद्यांची मुलं तिच्यात बसतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, तो बाल कल्याण समितीपुढे जातो. अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. कारागृहांत 'गळाभेट' होते. त्या दिवशी मध्ये जाळी नसते, पोरं बापाच्या मांडीवर बसतात. मात्र वाशीमहून अमरावती शंभर किलोमीटरच्या वर आहे. बाईला एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण दिवसाची मजुरी बुडते ती पूर्णच.

आता शेवटचा कागद, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. पात्र व्यक्तींमध्ये तुरुंगात 'शिक्षा भोगत असलेल्या' कैद्याची पत्नी आहे. यातला 'शिक्षा' हा शब्द पाहा. 2022 अखेर आपल्या देशातले शंभरातले जवळजवळ 76 कैदी कच्चे होते. म्हणजे त्यांना शिक्षा झालेलीच नव्हती, खटला चालू होता. बाप तीन वर्षं आत असला तरी या एका शब्दापायी आई यादीबाहेर. निकाल विरोधात गेला तर घरात दीड हजार रुपये येऊ शकतात. निर्दोष सुटला तर त्या तीन वर्षांचं काहीच नाही.

सभागृहात शिक्षक बरेच दिसतायत, तलाठी कार्यालयातलेही कुणी असतील. तुमच्या गावातल्या अशा घरांबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी थांबतो, आता तुम्ही बोला.