फोटोच्या पाठीवरचे नाव

जुन्या छायाचित्राच्या पाठीमागे शाईने लिहिलेले नाव आणि तारीख त्या छायाचित्राबरोबरच राहत असे. अल्बम विस्कटला, घर बदलले, तरी ते ज्याच्या हाती पडे त्याला चित्रातील माणसे कोण, हे कळे. संगणकातील छायाचित्रे, गाणी व दस्तऐवज यांनाही अशी ओळख देता येते. तिला ‘टॅग’ म्हणतात. मात्र हा टॅग कोठे आणि कोणत्या पद्धतीने लिहिला आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. एका प्रोग्रॅमने लिहिलेले दुसऱ्याला वाचता आले नाही, तर वर्षानुवर्षे खपून लावलेली नावे त्या प्रोग्रॅमबरोबरच संपतात. म्हणूनच टॅगसाठी सर्वांना मान्य होतील अशी मानके आवश्यक ठरतात.

टॅगच्या तीन जागा

टॅग प्रामुख्याने तीन ठिकाणी लिहिला जातो. पहिली जागा म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतःचा डेटाबेस. यात शोध झपाट्याने लागतो आणि मूळ फाइलला हात लावावा लागत नाही. परंतु फाइल दुसरीकडे नेली की टॅग मागेच राहतो. गुगलच्या ‘पिकासा’ या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये २००९ मध्ये चेहरे ओळखण्याची सोय आली. चेहऱ्यांना दिलेली नावे सुरुवातीला प्रोग्रॅमच्या वेगळ्या नोंदींत राहत. ती छायाचित्रातच लिहिण्याचा पर्याय नंतर मिळाला. २०१६ मध्ये पिकासा बंद झाला, तेव्हा या पर्यायाचे महत्त्व अनेकांच्या लक्षात आले.

दुसरी जागा म्हणजे संगणकाची फाइल-व्यवस्था. ॲपलने २०१३ मध्ये ‘मॅव्हरिक्स’ या प्रणालीत आणलेले टॅग अशा प्रकारचे आहेत. मॅकवरील निरनिराळ्या प्रोग्रॅमना ते दिसतात. पण तीच फाइल ई-मेलने विंडोजच्या संगणकावर पाठवली, की ते हरवतात.

तिसरी जागा फाइलच्या आत असते. फोटोच्या पाठीवरच्या नावाशी साम्य आहे ते याच पद्धतीचे.

गाण्याच्या शेवटी १२८ बाइट

एमपी३ फाइलमध्ये मुळात गाण्याचे किंवा गायकाचे नाव लिहिण्याची सोय नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या अखेरीस १२८ बाइटचा एक छोटा तुकडा जोडण्याची युक्ती काढली. ‘आयडी३’ या नावाने ती ओळखली जाते. पहिली ३ बाइट ‘टॅग’ या शब्दाच्या रोमन अक्षरांना, मग शीर्षक, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १, अशी तिची सरळ वाटणी होती. कोणत्याही अधिकृत मानक संस्थेचा शिक्का नसताना ही पद्धत जगभर पसरली, कारण ती खुली होती आणि कोणत्याही प्रोग्रॅमला सहज वाचता येत होती.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. कोणती लिपी कशी लिहावी, याचा नियमच त्यात नव्हता. ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्या हिशेबाने ‘भीमसेन जोशी’ या नावाला ३१ बाइट लागतात. म्हणजे ठरलेल्या जागेत ते एका बाइटने मावत नाही! शिवाय भावगीताला गीतकार, संगीतकार आणि गायक असे तिघे धनी असतात. येथे मात्र ‘कलाकार’ हा एकच रकाना होता.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने या अडचणी दूर केल्या. टॅग फाइलच्या सुरुवातीला आला, त्याची लांबी मोकळी झाली, गीतकार व संगीतकारांना वेगळे रकाने मिळाले आणि युनिकोडमुळे देवनागरीची वाट खुली झाली. पण २००० मध्ये २.४ ही आवृत्ती आली, तरी अनेक प्रोग्रॅम २.३ वरच थांबले. मानक कागदावर उत्तम असून भागत नाही. प्रोग्रॅमनी ते स्वीकारावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

एका छायाचित्रात तीन नोंदी

छायाचित्रांच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी होती. तेथे मानके एकाहून अधिक झाली. वृत्तसंस्थांना छायाचित्रकाराचे नाव, स्थळ व ओळी चित्राबरोबर पाठवायच्या होत्या. त्यासाठी १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयपीटीसी’ या वृत्तक्षेत्रातील संस्थेची रचना १९९० च्या दशकात रूढ झाली. १९९५ मध्ये जपानी इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ‘एक्झिफ’ आणले. कॅमेरा वेळ, छिद्रमान आदी तपशील त्यात आपोआप लिहितो. २००१ मध्ये अडोबी कंपनीने ‘एक्सएमपी’ ही युनिकोडवर आधारलेली, हवी तशी वाढवता येणारी पद्धत आणली. २०१२ मध्ये ती आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाली.

परिणामी एकाच छायाचित्रात एकच माहिती तीन ठिकाणी लिहिली जाऊ लागली. एका प्रोग्रॅमने एक नोंद बदलली आणि दुसऱ्याने दुसरीच वाचली, तर खरे कोणते मानायचे? हा गोंधळ मिटवण्यासाठी २००६ मध्ये अडोबी, ॲपल, कॅनन, मायक्रोसॉफ्ट व नोकिया या कंपन्यांनी एक गट स्थापन केला. कोणती नोंद प्रमाण मानावी आणि बदल करताना इतर नोंदी कशा जुळवून घ्याव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. बाजारातील प्रतिस्पर्ध्यांनाही येथे एकत्र बसावे लागले, हे लक्षणीय आहे.

सोबत येणारी जोखीम

फाइलच्या आतील टॅग सर्वत्र सोबत जातो, हा त्याचा गुण; तोच कधी दोषही ठरतो. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात एक्झिफच्या नोंदीत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. मूळ फाइल परक्याच्या हाती दिली, की घराचा पत्ताही दिल्यासारखे होते. दुसरीकडे, अनेक समाजमाध्यमे छायाचित्र स्वीकारताना त्यातील बरीच माहिती काढून टाकतात. त्यामुळे खासगीपणा काही अंशी जपला जात असला, तरी छायाचित्रकाराचे नावही पुसले जाते. तेथून उतरवून घेतलेली प्रत म्हणूनच घरच्या संग्रहासाठी मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही.

हजारो छायाचित्रांना नावे देण्यास बसण्यापूर्वी एक साधी परीक्षा उपयोगी पडते. एका छायाचित्राला देवनागरीत टॅग लावावा, ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर निराळ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. नाव तेथेही दिसले, तर ते फोटोच्या पाठीवर लिहिले गेले आहे, असे समजावे. दिसले नाही, तर ते केवळ एका प्रोग्रॅमच्या वहीत आहे; आणि आजी-आजोबांची नावे सांगणारे कोणी घरात असेपर्यंतच वही बदलणे श्रेयस्कर.