कोरी जागा ओळखणाऱ्या फंक्शनची कुळकथा

दोन शब्दांमधली कोरी जागा आपल्याला दिसते. संगणकाला तिचा आकडा सांगावा लागतो. आस्की संकेतात १९६३पासून स्पेसला ३२ आणि टॅबला ९ हा क्रमांक आहे. सी भाषेत आधी आलं ‘इझस्पेस’. ते सहा चिन्हांना होकार देतं, त्यात नवी ओळ आणि नवं पानही येतं. एकाच ओळीतली फट शोधणाऱ्याला ते काय कामाचं? म्हणून ‘इझब्लँक’. ते प्रमाण सीमध्ये शिरलं १९९९ला आणि मायक्रोसॉफ्टकडे तर थेट व्हिज्युअल स्टुडिओ २०१३मध्ये. सगळीकडे चालणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तोवर ते स्वतःच्या लायब्ररीत घालून घेतलं.

आता मराठी मजकुरात काय होतं ते पाहायला गोंदिया जिल्ह्यातल्या ‘मुर्री’ गावाचं नाव घ्या. डोळ्याला अक्षरं दोन. युनिकोडमध्ये मात्र म, उकार, र, हलन्त, र, ईकार अशी सहा चिन्हं, आणि यूटीएफ-८मध्ये १८ बाइट. पहिलाच बाइट २२४. पुष्कळ यंत्रांवर सीच्या ‘कॅर’ या एका बाइटच्या प्रकारात ऋण आकडेही बसतात, तिथे तो होतो उणे ३२! ही फंक्शनं बहुधा तक्त्यात पाहून उत्तर देतात आणि उणे ३२ तक्त्याबाहेर पडू शकतं. मग काय होईल याची हमी कोणी देत नाही. अपाचे पोर्टेबल रनटाइम ही लायब्ररी म्हणूनच तपासणीआधी बाइट धन करून घेते.

तेवढ्याने भागत नाही. पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ संकेतात १६० म्हणजे न तुटणारी स्पेस, तर १३३ हे नव्या ओळीचं नियंत्रणचिन्ह. ‘ठ’चा शेवटचा बाइट नेमका १६०, ‘अ’चा १३३. हे आकडे कोरे मानणाऱ्या यंत्रावर एकेक बाइट तपासला, की ‘मराठी’ शब्द ‘ठ’च्या पोटातच तुटतो आणि ‘अर्जुनी मोरगाव’चं पहिलंच अक्षर फुटतं. मुर्री तेवढी वाचते.

ग्नूलिब या लायब्ररीतलं ‘सी-इझब्लँक’ यंत्राची भाषा-प्रदेशाची सेटिंग विचारतच नाही. ३२ किंवा ९, बाकी सगळ्याला नकार. मराठीला हा आडमुठेपणाच मानवतो, कारण केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ला यूटीएफ-८ आखताना अनेक बाइटांच्या अक्षरातला एकही बाइट १२८च्या खाली येऊ दिला नाही. ३२ दिसला तर ती स्पेसच.

तेव्हा लायब्ररी पारखताना चाचणीच्या मजकुरात ‘ठ’ आणि ‘अ’ आवर्जून घाला. नुसत्या मुर्रीवर भरवसा ठेवू नका.