टर्बो, ऑइल आणि रोह्याचा शून्य किलोमीटर

या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे!

कोकण रेल्वे सुरू कुठून होते? मुंबई नाही, पनवेलही नाही.. रोहा! मध्य रेल्वेची हद्द तिथं संपते आणि कोकण रेल्वेचे किलोमीटर तिथून मोजतात. १९९३ मध्ये रोहा-वीर तुकडा सुरू झाला, २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग. विद्युतीकरण पूर्ण झालं थेट मार्च २०२२ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं हा मार्ग मुख्यतः डिझेल इंजिनांनीच ओढला. त्यातल्या डब्ल्यूडीएम-२ कुळातल्या इंजिनाची ताकद २६०० अश्वशक्ती, आणि ती टर्बोचार्जरशिवाय शक्यच नव्हती. १९९९ पासून तर कोलाडहून वेर्ण्याला ट्रकही रेल्वेच्या पाठीवर बसून जायला लागले.

टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरची, पेटंट १९०५ चं. वाया जाणाऱ्या धुरानं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. कागदावर सोपं! पण ते जहाजांवर रुळायला १९२० चं दशक उजाडलं आणि मोटारीत यायला १९६२. आपल्याकडे पुण्याची सफारी १९९८ मध्ये आली, नाशिकची स्कॉर्पिओ २००२ मध्ये. मग हळूहळू पेण-रोह्याच्या गल्लीबोळात टर्बोवाल्या डिझेल गाड्या दिसू लागल्या.

आणि त्यांच्यासोबत एक वाक्यही आलं: "साहेब, टर्बो गेला!"

रोह्याच्या माझ्या मामांनी हेच वाक्य ऐकलं. टर्बोच्या आजूबाजूला ऑइल, गॅरेजवाल्याच्या हातात नव्या टर्बोचं कोटेशन. मी त्यांना म्हटलं, "मामा, थांबा जरा. एरर जिथं दिसते तिथंच बग असतो असं नाही."

का ते सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर किंवा त्याहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल वरून दाबानं येतं, पण खाली परत जातं ते फक्त स्वतःच्या वजनानं. दांड्यावरचं सील रबरी नसतं, उष्णतेत रबर टिकलंच नसतं. ती पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाच्या मदतीनं ऑइल अडवते. म्हणजे परतीची नळी तुंबली, किंवा ब्रीदर चोंदून क्रँककेसमध्ये दाब वाढला, की चांगल्या टर्बोतूनही ऑइल बाहेर पडतं. एअर फिल्टर पार चोंदला असेल तर ते आत ओढलं जातं. अशा वेळी नवा टर्बो बसवलात तर तोही गळणार!

म्हणून क्रम असा. आधी सगळं धुऊन कोरडं करा. थोडं चालवा आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधा, कारण ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं. कितीदा तरी चोर निघतो टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा ऑइल येणाऱ्या नळीचा तांब्याचा वॉशर. मग डिपस्टिक बघा, ऑइल जास्त भरलंय का? मग ब्रीदर, परतीची नळी, एअर फिल्टर. शेवटी, इंजिन गार असताना दांडा हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे जाणवण्याइतका हलत असेल किंवा पंख्याची पाती घासलेली असतील, तर टर्बो खरंच गेला. इंटरकूलरच्या नळीत नुसता तेलकटपणा असेल तर घाबरू नका, तो बऱ्याचदा ब्रीदरमधूनच येतो.

धुराचा रंगही बोलतो. जुनी डब्ल्यूडीएम-२ स्टेशनातून निघताना काळा धूर ओकायची, कारण डिझेल आधी पोचायचं आणि टर्बोची हवा मागून. निळा धूर मात्र ऑइल जळतंय असं सांगतो. तो हसण्यावारी नेऊ नका. गळतं ऑइल तापलेल्या भागावर पडलं तर आग लागू शकते. डिझेल इंजिनात ते हवेबरोबर आत गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही.

मामांच्या गाडीत परतीची नळी जळलेल्या ऑइलच्या काजळीनं अर्धी बुजली होती. सुकेळी खिंड चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की ऑइलचा प्रवाह थांबतो, उष्णता मात्र तिथंच राहते आणि उरलेलं ऑइल करपतं. नळी साफ केली, ऑइल आणि फिल्टर बदलले. टर्बो जुनाच आहे.

तेव्हा घाट चढून कोलाडला चहाला थांबलात तर मिनिटभर गाडी चालू राहू द्या. आणि कुणी "टर्बो गेला" म्हटलं, तर एवढंच विचारा: "परतीची नळी बघितलीत का?"