वल्ह्याचे तेलपाणी

नौकानयनाच्या इतिहासात शिडांचे कौतुक फार झाले. लाकडाला काय चोपडत, हे सहसा कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. 13व्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या जहाजांविषयी लिहिले, की त्यांना डांबर नव्हे, माशाचे तेल लावतात. अरबी समुद्राच्या आपल्या काठावर, कोकणातही, होड्यांना माशाचे तेल लावण्याची रीत होती.

हाताने घडवलेल्या वल्ह्यालाही हाच न्याय लागू पडतो. लाख आपल्याकडची जुनी. पण पाण्यात तिचा थर पांढरा पडतो. व्हार्निश चकाकते, मात्र त्याला चीर गेली की पाणी थराखाली अडकते आणि लाकूड कुजते. तेल लाकडात मुरते. जवसाचे तेल तर हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. ते झिजले, तरी जुना थर खरवडावा लागत नाही. पुन्हा हात फिरवला की झाले. मुठीला तेलच बरे, कारण चकचकीत थरावर घासून तळव्याला फोड येतात.

दर हंगामाला तेल लावताना वल्हे हातात येते आणि बारीकशी चीरही वेळीच दिसते. माझ्या मते या जुन्या रीतीचा खरा फायदा हाच.