गाण्याचा अर्थ लावताना : प्रस्तावना

कोजागरीच्या कार्यक्रमात ‘तोच चंद्रमा नभात’ हमखास होतं. शब्द शान्ता शेळके यांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. गच्चीवर आटीव दूध, वर चंद्र, माना डोलत असतात. अंतरे लक्ष देऊन ऐकले तर मात्र कळतं, की हे गाणं प्रेमाचं नसून प्रेम आटल्याचं आहे. रात्र तीच, माणसं तीच, एकांतही आहे. आतला ओलावा तेवढा गेलेला. मग इतकी वर्षं माना डोलावणारे सगळे चुकले म्हणायचं का? तसं म्हणायची घाई झालेला माणूस या विषयात फार काळ रमत नाही.

शान्ताबाईंना हे गीत सुचलं ते शीलाभट्टारिकेच्या नावावर असलेल्या एका संस्कृत श्लोकावरून. तिथे बोलणारी स्त्री आहे. ज्याच्याशी चोरून भेटी होत तोच आता नवरा आहे, चैत्राच्या रात्रीही त्याच, तरी मन रेवाकाठच्या त्या वेतांच्या झाडीकडे धाव घेतं. मम्मटाने हा श्लोक ‘काव्यप्रकाशा’त उदाहरणादाखल घेतला. पुरीच्या रथयात्रेत चैतन्य महाप्रभू हाच श्लोक म्हणत, असं ‘चैतन्यचरितामृत’ सांगतं. भोवतालच्यांना कोडं पडलं, त्यांचे शिष्य रूप गोस्वामी यांना रोख कळला. कुरुक्षेत्रावर कृष्ण भेटूनही वृंदावनासाठी झुरणारी राधा त्यांनी स्वतःच्या श्लोकात उभी केली. एका गृहिणीची चोरटी आठवण अशी भक्तीत जाऊन बसली, आणि मूळचं अक्षरही बदललं नाही.

शान्ताबाईंनी बोलणारा पुरुष केला. माझ्या मते त्याहून मोठा फेरफार त्यांनी दुसरीकडे केला. श्लोकातली बाई अजून कशासाठी तरी झुरते आहे. गाण्यातल्या माणसापाशी ती आर्तताही उरलेली नाही. कागदावर हे स्वच्छ दिसतं. मैफलीत दिसत नाही, कारण प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपद परत येतं. यमनातली ती शांत चाल तक्रार करून झाली की पुन्हा चांदण्यात येऊन उभी राहते. घरी नेण्यासाठी श्रोत्याला ध्रुवपदच मिळतं. तेव्हा कोजागरीचे श्रोते बहिरे नाहीत. फडक्यांनी जिथे वजन टाकलं तिथेच ते ऐकतात. शब्द एक सांगतात, सूर दुसरं, आणि हे गाणं इतकी वर्षं टिकलं ते या ओढाताणीवरच, असं मला वाटतं.

म्हणून या अभ्यासात येऊ पाहणाऱ्याला पहिली विनंती अशी, की गीतसंग्रह उघडण्याआधी ध्वनिमुद्रण ऐकावं. भावगीत जन्मलं तेच तबकडीच्या मापात. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ १९३२ मध्ये ध्वनिमुद्रित केली, त्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. लांब कविता त्यात बसवायची तर कडवी गळणारच. कोणती गळली आणि कोणती राहिली, इथूनच अर्थ लावायला सुरुवात होते. कवितेच्या प्राध्यापकांना हे अजून नीटसं पचत नाही.

कवीला विचारून सगळं मिटेल अशी आशाही धरू नये. ग्रेस यांच्या ‘ती गेली तेव्हा रिमझिम’मधली ती आई की प्रेयसी, हा वाद अजून रंगतो; माझ्या लेखी ते गाणं दोघींनाही जागा देतं, आणि निकाल लावणारा त्यातलं निम्मं गमावतो. सुरेश भटांचं ‘उषःकाल होता होता’ १९७९च्या ‘सिंहासन’ चित्रपटात आलं आणि मंत्रालयाच्या राजकारणाशी कायमचं जोडलं गेलं. पी. सावळारामांचं ‘गंगा-जमुना डोळ्यांत उभ्या का’ पाठवणीला बँडवर वाजतं तेव्हा तर शब्दच नसतात, तरी मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. या अर्थाचं श्रेय कोणाला द्यायचं? कवीला, वसंत प्रभूंच्या चालीला, की क्लॅरिनेटवाल्याला?

आम्हा अभ्यासकांचं लक्ष आजवर भावगीत आणि चित्रपटगीत यांवरच खिळून राहिलं, हे मान्य केलं पाहिजे. लोकशाहीर वामनदादा कर्डकांची गाणी मात्र गावोगावच्या जलशांत आणि आंबेडकर जयंतीच्या मंचावर घडली. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला पातळ पुस्तिकांतून आणि कॅसेटांतून ती विकली गेली. गायक बदलला की ओळ बदलते, कधी गावाचं नाव, कधी पुढाऱ्याचं. तिथे ‘मूळ पाठ’ शोधत बसण्यात हशील नाही. एकच गाणं चार गायकांकडून उतरवून घ्यावं, कुठे म्हटलं आणि समोर कोण बसलं होतं ते शेजारी लिहावं, आणि मग चारही कागद एकत्र वाचायला बसावं. हे काम फारसं झालेलं नाही, आणि ज्यांच्या तोंडी ती गाणी आहेत ती पिढी थकत चालली आहे.