यादीत नाव लागलं की

गुन्हेगारी जमाती कायदा म्हटलं की आपल्याला पारधी, भटके-विमुक्त आठवतात. पण 1871 च्या त्या कायद्याचा दुसरा भाग कोणावर होता, माहितीय? हिजड्यांवर. कायद्यातला इंग्रजी शब्द होता 'युनक'.

मुलं पळवल्याचा, खच्ची केल्याचा किंवा कलम 377 च्या गुन्ह्याचा संशय आला, की नाव-पत्ता सरकारी नोंदवहीत. सिद्ध व्हायची गरजच नाही! एकदा नाव लागलं की रस्त्यावर बायकी कपडे घालणं, पैसे घेऊन नाचणं-वाजवणं यासाठी वॉरंटशिवाय अटक आणि 2 वर्षांपर्यंत कैद. 16 वर्षांखालचा मुलगा घरात ठेवायचा नाही. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, दत्तक, सगळंच बंद.

मला कपड्यांच्या कलमापेक्षा हे शेवटचं जास्त भयंकर वाटतं. हिजड्यांमध्ये गुरूचं जे काही असतं ते चेल्याकडे जातं. वारसच ठेवू दिला नाही, तर घराणं आपोआप संपतं. वायव्य प्रांतातल्या अधिकाऱ्यांना हेच हवं होतं, असं इतिहासकार जेसिका हिंची यांनी जुन्या सरकारी कागदांवरून दाखवलंय.

1911 च्या नव्या कायद्यात हा भाग गळला. संपलं? छे! 1919 मध्ये, म्हणजे 1329 फसलीत, निजामाच्या हैदराबाद संस्थानाने तसाच कायदा केला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. 1948 ला निजामाचं राज्य गेलं, संविधान आलं, तरी तेलंगणाच्या कायद्यांत तो टिकून राहिला. 2014 मध्ये नालसा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची' असा निकाल दिला, तेव्हाही तो होताच.

2018 मध्ये वैजयंती वसंत मोगली आणि इतर कार्यकर्ते कोर्टात गेले. जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, वर तृतीयपंथीयांना राज्याच्या 'आसरा' पेन्शन योजनेचा लाभ द्या असंही सांगितलं.

मध्ये 2019 चा केंद्राचा कायदा येऊन गेला. त्यात तृतीयपंथी म्हणून ओळखीचा दाखला द्यायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. पण दाखल्यावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल, तर आधी शस्त्रक्रिया आणि तिचं वैद्यकीय प्रमाणपत्र. नालसा निकालाने नेमकी हीच सक्ती बेकायदा ठरवली होती.