पहिल्या महिन्यांतलें औषध

सिंहगडावर 1670 सालीं पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटानें उतरवून कोंकणांत उमरठास नेला, अशी परंपरा सांगते. त्यांची समाधि तेथें आहे. श्रोतेहो, अशा वीरांच्या मातांनीं गरोदरपणीं कोणतें पथ्य पाळलें, हें बखरींत सांपडत नाहीं. चरकसंहितेंत मात्र नियम आहे. गर्भाची नुसती शंका आली, तरी पहिल्या महिन्यांत स्त्रीनें औषध न घातलेलें थंड दूध प्यावें. औषधींनीं सिद्ध केलेलें दूध दुसऱ्या महिन्यापासून. यांतला 'शंका' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

आधुनिक वैद्यकानें शंकेच्या वेळींच औषध पुढें केलें. 1950 नंतर, दिवस गेले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं संप्रेरकांच्या तीव्र गोळ्या देण्याची रीत पसरली. गोळ्यांनंतर थोड्या दिवसांत पाळी आली तर गर्भ नाहीं. न आली तर आहे! म्हणजे जिच्या पोटीं खरोखर गर्भ असे, तिलाहि इंद्रियें घडण्याच्या आठवड्यांत तें औषध मिळे. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधानें हजारों अर्भकें हातपाय खुरटलेलीं जन्मलीं, हें 1961 सालीं उघड झालें होतें. वार गर्भाचें सर्व औषधांपासून रक्षण करते, हा समज तेथेंच संपावयास हवा होता. 1967 सालीं ब्रिटनमध्यें डॉ. इसाबेल गॅल यांनीं या गोळ्यांविषयींहि इशारा दिला.

भारतांत 1982 सालीं बंदीचा हुकूम निघाला. उत्पादकांनीं मुंबई व कलकत्ता येथील उच्च न्यायालयांतून स्थगिती मिळविली. स्त्रीसंघटना झगडत राहिल्या आणि 1988 सालीं बंदी आली. गोळ्यांनीं व्यंगें खरोखर झालीं काय, याविषयीं वाद आहे. 2017 सालीं ब्रिटिश तज्ज्ञमंडळास तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला दिसला नाहीं. पण मूत्रपरीक्षेनें भागत असतां हा धोका पत्करावाच कां?

याचा अर्थ गरोदर स्त्रीनें प्रत्येक औषध टाकावें, असा मुळींच नव्हे. हिंवतापांत उपचार न होणें आई व गर्भ दोघांसहि घातक. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें 2022 सालीं पहिल्या तिमाहींतहि आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन देण्याची शिफारस केली. फेफऱ्याचें औषधहि वैद्यास न विचारतां सोडणें धोक्याचें.

आतां खेडोपाडींच्या आशा-सेविकांना मूत्रपरीक्षेची एक पट्टी दिली जाते. कांहीं मिनिटांत उत्तर कळतें, पोटांत कांहींच घ्यावें लागत नाहीं. तिचें नांव 'निश्चय'.